युद्धात ‘नाइलाज’ असतो का? क्लाउझेवित्स, हेगेल आणि गिरणीत झालेली एक सही

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

मागचा भाग ऐकून एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. एसटीत बसून रेकॉर्ड केली असावी, कारण मागे इंजिनाची घरघर होती आणि मध्येच कंडक्टरचा आवाज. प्रश्न मात्र अगदी स्पष्ट होता. “ताई, एकदा युद्ध सुरू झालं की मग कोणाच्या हातात काय उरतं? बातम्यांत दोन्ही बाजू हेच सांगतात, आमचा नाइलाज होता.”

आजचा भाग या एका शब्दावर आहे. नाइलाज.

यासाठी मी तुम्हाला दोनशे वर्षं मागे, प्रशियात घेऊन जाणार आहे. प्रशिया म्हणजे आजच्या जर्मनीच्या उत्तर-पूर्वेकडचं आणि पोलंडच्या काही भागातलं तेव्हाचं राज्य, राजधानी बर्लिन. आपला माणूस आहे कार्ल फॉन क्लाउझेवित्स, प्रशियाच्या फौजेतला अधिकारी. जन्म १७८०, मृत्यू १८३१. नाव ऐकलं नसेल तरी युद्ध आणि राजकारण यांच्या नात्याबद्दलचं त्याचं एक वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या फॉरवर्डमध्ये वाचलेलं असणार. ते मी आज म्हणून दाखवणार नाही. इतकं वापरलं गेलंय की जुन्या नाण्यासारखं गुळगुळीत झालंय, त्यावरचा छापच दिसत नाही. आपण ते वाक्य ज्या विचारातून आलं, तो विचार बघू.

सुरुवात करू १३ ऑक्टोबर १८०६ पासून. गाव येना. नेपोलियनची फौज गावात शिरली आहे. तिथे विद्यापीठात शिकवणारा छत्तीस वर्षांचा एक तत्त्वज्ञ आपलं पहिलं मोठं पुस्तक संपवत आलाय. नाव हेगेल. त्याने नेपोलियनला घोड्यावरून जाताना पाहिलं आणि मित्राला पत्र लिहिलं. आशय असा, की जगाचा आत्माच घोड्यावर बसून गावाबाहेर पडताना आज मी बघितला. त्याच दिवसांत फ्रेंच सैनिकांनी गावात लुटालूट केली, हेगेलचं घरही त्यातून सुटलं नाही. पण पत्रातला सूर मात्र भारावलेला आहे.

दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, तिथून वीसेक किलोमीटरवर आउअरश्टेट नावाच्या गावाजवळ सव्वीस वर्षांचा क्लाउझेवित्स लढत होता. तो प्रिन्स आउगुस्टचा सहायक अधिकारी होता. एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, येना आणि आउअरश्टेट, आणि दोन्हींत प्रशियाचा धुव्वा उडाला. आउअरश्टेटला तर समोर फ्रेंच सेनापती दाव्हूकडे प्रशियाच्या निम्म्याहून कमी माणसं होती. दोन आठवड्यांत, २८ ऑक्टोबरला, प्रेन्त्स्लाउ गावाजवळ प्रिन्स आणि क्लाउझेवित्स दोघेही पकडले गेले आणि त्यांची रवानगी फ्रान्सला झाली.

म्हणजे एकाने इतिहास रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितला आणि दुसऱ्याने तो अंगावर घेतला. दोघांचा विचार पुढे वेगळ्या वाटेने का गेला, याचं थोडं उत्तर मला इथे दिसतं.

प्रशिया हरली कशी, हा प्रश्न क्लाउझेवित्सला आयुष्यभर पुरला. फौज भित्री नव्हती, कवायत उत्तम होती. पण फ्रेडरिक द ग्रेटने पन्नास वर्षांपूर्वी एक डाव गाजवला होता. शत्रूच्या रांगेवर सरळ न जाता तिरकं जायचं आणि त्याच्या एका टोकावर सगळा जोर टाकायचा. १८०६ चे प्रशियन सेनापती एकामागून एक हाच डाव खेळायला गेले. जमीन वेगळी, शत्रू वेगळा, काळ वेगळा, डाव तोच. क्लाउझेवित्सने त्या सेनापतींची नावं घेऊन लिहिलंय, आणि एरवी संयमाने लिहिणारा हा माणूस तिथे चांगलाच कडवट होतो. ठरीव पद्धतीने बुद्धीचं इतकं दारिद्र्य आणलं, असं त्याचं म्हणणं.

त्या काळात युद्धाची पुस्तकं कशी होती बघा. ब्यूलो नावाचा एक लेखक युद्धाची भूमितीच मांडायचा. आपला रसदीचा तळ आणि आपलं लक्ष्य यांच्यात कोन किती अंशांचा असला पाहिजे, याचा हिशोब. नव्वद अंशांपेक्षा कमी नको! आज आपण हसू, पण तेव्हा हे अत्याधुनिक होतं. विज्ञान आलंय, मग युद्धाचंही सूत्र असणारच, अशी हवा होती. क्लाउझेवित्सने वयाच्या पंचविशीत, १८०५ मध्ये, ब्यूलोवर निनावी टीका लिहिली. त्याचा मुद्दा असा, की या हिशोबात समोरचा माणूसच नाही. युद्धात मी जे करतो त्यावर पलीकडचा काहीतरी करतो, मग त्यावर मी. कोनमापकाला हे कळत नाही.

इथून आपण द्वंद्वात्मक पद्धतीकडे येतो. मराठीत काही जण याला विरोधविकास म्हणतात. कॉलेजात किंवा स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये तुम्ही तीन डबे पाहिले असतील: वाद, प्रतिवाद, संवाद. ते डबे आज बाजूला ठेवू. हेगेलने स्वतः आपल्या पद्धतीला असं लेबल लावलेलं नाही. गाभा सोपा आहे. एखादी कल्पना घ्या आणि ती पूर्णपणे, शेवटपर्यंत खरी आहे असं धरून चाला. जितकं पुढे जाल तितकी ती स्वतःच स्वतःची मर्यादा दाखवायला लागते आणि तिच्या पोटातून तिचा विरोध बाहेर येतो. दोन्ही हातात धरून पुढे जायचं, एक टाकून द्यायचं नाही.

क्लाउझेवित्सने हे हेगेलकडून उचललं असं मी म्हणत नाही. बर्लिनच्या सैनिकी शाळेत तो शिकला तेव्हा तिथे किझवेटर नावाचे प्राध्यापक कांटचं तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवायचे, आणि विरोधी जोड्यांतून विचार करायची पद्धत त्या पिढीच्या हवेतच होती. शाळेचा प्रमुख शार्नहोर्स्ट हा त्याचा खरा गुरू. पण त्याचं ‘युद्धाविषयी’ हे पुस्तक उघडा, पहिलंच प्रकरण या पद्धतीचा उत्तम नमुना आहे.

तो म्हणतो, चला, युद्धाची शुद्ध कल्पना घेऊ. दोन जणांची कुस्ती. मला माझी इच्छा तुझ्यावर लादायची आहे. मग काय होईल? मी जोर लावला की तू जास्त लावणार, की मी आणखी. थांबायचं कारण तर्कात कुठेच नाही. दुसरं, मी तुला पूर्ण निःशस्त्र केलं नाही तर तू मला करशील ही भीती कायम आहे, म्हणजे माझा निर्णय माझा नाही, तुझ्या भीतीने तो माझ्यावर लादलाय. तिसरं, तुझ्या ताकदीचा अंदाज घेऊन मी माझी वाढवली की तूही तेच करणार. तीन वाटा आणि तिन्ही एकाच टोकाला जातात. या टोकाच्या युद्धात कोणालाच स्वातंत्र्य नाही. इथे नाइलाज शंभर टक्के खरा आहे!

मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा या जागी येऊन पुस्तक मिटवून ठेवलं होतं. वाटलं, हा माणूस आपल्याला सांगतोय की युद्ध असंच असतं. अनेकांनी त्याला तसंच वाचलंय. पण पान उलटलं की तो स्वतःच हे सगळं पलटवतो. तो विचारतो, असं युद्ध प्रत्यक्षात कधी होईल? तेव्हाच, जेव्हा ते अचानक, कुठल्याही आधीच्या संबंधाशिवाय उगवेल, सगळं एका घावात संपेल आणि त्याचा निकाल कायमचा असेल. प्रत्यक्षात यातलं काहीच नसतं. दोन राज्यं एकमेकांना आधीपासून ओळखतात. सगळी ताकद एका क्षणी वापरता येत नाही, किल्ले, नद्या, मित्रदेश, माणसं आपापल्या वेगाने येतात. आणि हरलेल्यालाही वाटतं, ठीक आहे, पुढे बघू. या फटी आहेत. या फटींतून हिशोब, अंदाज, संयम आत येतो. म्हणजेच निवड आत येते.

टोकाचं युद्ध ही कल्पना तो टाकून मात्र देत नाही, हे महत्त्वाचं. ती त्याला मोजपट्टीसारखी लागते, कारण ओढ खरी आहे. प्रत्येक युद्ध त्या टोकाकडे ओढलं जातं. ओढ आहे म्हणजे घसरण अटळ आहे, असं मात्र तो म्हणत नाही.

प्रकरणाच्या शेवटी तो युद्धाची तीन अंगं सांगतो. एक, द्वेष आणि हिंसा, आंधळी नैसर्गिक शक्ती, जी मुख्यतः जनतेत असते. दुसरं, शक्यता आणि योगायोग यांचा खेळ, ज्यात सेनापती आणि त्याची फौज वावरते. तिसरं, युद्ध हे राजकीय हेतूचं साधन असणं, म्हणजे सरकार आणि विवेक. आणि ‘मुक्त’ हा शब्द तो नेमका दुसऱ्या अंगाला लावतो, योगायोगाच्या खेळाला!

हे मला फार विलक्षण वाटतं. आपल्याला वाटेल की स्वातंत्र्य विवेकाच्या खात्यात जाईल. योगायोग म्हणजे तर आपल्या हाताबाहेरची गोष्ट. पण तो म्हणतो, जिथे सगळं आधीच ठरलेलं आहे तिथे मनाला काही कामच नाही. अनिश्चितता आहे म्हणून धाडस, कल्पकता, निर्णय या शब्दांना अर्थ आहे. युद्धाची तुलना करायची तर तो पत्त्यांच्या खेळाशी करतो. आपल्याकडे सगळे बुद्धिबळ म्हणतात ना, पटावरचे मोहरे, शह, काटशह? बुद्धिबळात दोघांनाही सगळा पट दिसतो. पत्त्यांत समोरच्याचा हात दिसत नाही, पुढचं पान दिसत नाही, आणि तरी पान टाकावंच लागतं. (रमीच्या ॲपच्या जाहिराती करणाऱ्यांनी कृपया ही क्लिप वापरू नये.)

यातून त्याने सिद्धांताचं कामही वेगळं ठरवलं. युद्धाचा सिद्धांत सेनापतीसोबत रणांगणात जाऊन कानात सांगणारा नसावा. त्याने आधी, शांततेच्या काळात, मन घडवावं. एखादा गवई मैफिलीत स्वर मोजत बसत नाही, पण वीस वर्षांचा रियाज गळ्यात असतो, तसं काहीसं. उदाहरण माझं आहे, त्याचं नाही. त्याच्या उदाहरणात पाणी येतं: चालणं ही सगळ्यात साधी गोष्ट, पण कंबरभर पाण्यात चालून बघा. युद्धात प्रत्येक साधी गोष्ट अशी जड होते. पाऊस पडतो, घोडे दमतात, निरोप उशिरा पोहोचतो. याला त्याने घर्षण असं नाव दिलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पुस्तकात ठीक आहे. म्हणून आता मी तुम्हाला एका रात्रीत घेऊन जाते. या भागातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

साल १८१२. प्रशियाच्या राजाने, फ्रीडरिश विल्हेल्म तिसऱ्याने, नेपोलियनशी करार केला. करारानुसार रशियावरच्या स्वारीसाठी प्रशियाने २० हजार सैनिक द्यायचे होते. क्लाउझेवित्सला हे सहन झालं नाही. ज्याने आपला देश चिरडला त्याच्यासाठी लढायचं? त्याने नोकरी सोडली आणि सरळ रशियाच्या झारकडे चाकरी धरली. रशियन भाषा येत नाही, देश परका, आणि आपल्याच राजाची खप्पामर्जी. त्याचे भाऊ प्रशियाच्या फौजेतच होते, म्हणजे समोरच्या बाजूला. बोरोदिनोच्या लढाईत तो रशियाच्या बाजूने होता.

डिसेंबर उजाडला. नेपोलियनची मोठी फौज बर्फात संपली होती. पण उत्तरेकडे, आजच्या लॅटव्हिया-लिथुआनियाच्या भागात, प्रशियाचं दळ अजून शाबूत होतं. त्याचा सेनापती योर्क. हा माणूस समजून घ्या. कडक, तिरसट, जुन्या वळणाचा. क्लाउझेवित्स आणि शार्नहोर्स्ट यांच्या सुधारक कंपूचा त्याला मनापासून तिटकारा. तो आपल्या फ्रेंच वरिष्ठाच्या, मॅकडोनल्डच्या, मागोमाग माघार घेत होता, आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत रशियन सेनापती डीबिच आपली छोटी तुकडी घेऊन घुसला. लढला असता तर योर्कने त्याला सहज बाजूला सारलं असतं. डीबिचने बोलणी सुरू केली, आणि दूत म्हणून पाठवलं क्लाउझेवित्सला.

२९ डिसेंबरची संध्याकाळ, गाव टाउरोग्गेन. क्लाउझेवित्सने हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला. योर्क त्याला बघताच भडकला. मॅकडोनल्डचा निरोप पोहोचलाय, आता मला निघावं लागणार, तुमच्याशी काही बोलायचं नाही. क्लाउझेवित्स वाद घालत बसला नाही. त्याने फक्त उजेड मागितला, कारण दाखवायला पत्रं आणली होती. योर्क घुटमळला. शेवटी मेणबत्ती आली. एका पत्रात रशियन मुख्यालयाने लिहिलं होतं, की आमचं मोठं सैन्य ३१ तारखेपर्यंत अमुक जागी पोहोचून तुमची वाट अडवेल. म्हणजे योर्कला सांगायला कारण मिळत होतं, मी वेढला गेलो, माझा... काय? बरोबर. नाइलाज.

योर्कने त्याला विचारलं, तू प्रशियन आहेस, मला सांग, हे पत्र प्रामाणिक आहे का? हे सैन्य खरंच त्या दिवशी तिथे असेल?

दूताचं काम काय? हो म्हणायचं, सही घ्यायची. क्लाउझेवित्सच्या उत्तराचा आशय असा होता: लिहिणारी माणसं मी ओळखतो, पत्र प्रामाणिक आहे याची हमी देतो. पण सैन्य त्या दिवशी तिथे पोहोचेलच याची हमी मी देऊ शकत नाही. युद्धात आपण आखलेल्या रेषेच्या अलीकडेच राहतो, हे आपल्याला ठाऊकच आहे.

थांबा आणि बघा काय झालं. ज्याला तो घर्षण म्हणतो, ते त्याने त्या खोलीत, नेमक्या त्या क्षणी, आपल्याच बाजूचं नुकसान होईल अशा वेळी सांगितलं. योर्ककडून ‘नाइलाज’ हा आडोसा काढून घेतला. आता योर्कला निवडच करावी लागणार होती. योर्क काही क्षण गप्प राहिला. मग त्याने हात पुढे केला.

३० डिसेंबर १८१२ ला गावाजवळच्या पोशेरुन इथल्या गिरणीत सह्या झाल्या. प्रशियाचं दळ तटस्थ झालं. राजाची परवानगी नव्हती. राजा तेव्हा बर्लिनमध्ये फ्रेंच फौजेच्या सावलीत बसलेला. योर्कने त्याला कळवलं, चुकलो असेन तर माझं डोकं आपल्या पायाशी आहे, अशा आशयाचं. राजाने करार झिडकारला, योर्कला पदावरून काढायचा हुकूमही काढला, पण हुकूम घेऊन येणाऱ्याला रशियनांनी वाटेतून पुढे जाऊ दिलं नाही. आणि मार्च १८१३ मध्ये त्याच राजाने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं.

ही गोष्ट छान आहे, पण यात एक गाठ आहे आणि ती मला लपवायची नाही. क्लाउझेवित्सचा सगळ्यात प्रसिद्ध सिद्धांत काय? युद्ध हे राजकारणाच्या हाती असलं पाहिजे, सेनापतीच्या नाही. आणि त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कामगिरी कोणती? राजाला न विचारता एका सेनापतीने केलेल्या करारात मध्यस्थ होणं! ज्याने स्वतः राजाची नोकरी सोडली, तोच पुढे लिहितो की सैन्याने राजकीय हेतूचं साधन व्हावं.

हा दुटप्पीपणा आहे का? मला नाही वाटत. इथे आपला एक शब्द मदतीला येतो. जर्मनमध्ये तो ‘पोलिटिक’ म्हणतो. आज आपण ‘राजकारण’ म्हटलं की पक्षांतर आणि टीव्हीवरची भांडणं डोळ्यांसमोर येतात. पण जुन्या मराठी पत्रांत राजकारण म्हणजे राज्य राखण्याचं काम, बोलणी, तह, मसलत. क्लाउझेवित्सचा अर्थ याच्या जवळचा आहे: समाजाच्या एकूण हिताचं शहाणपण. राजकारण चुकीच्या दिशेला वळू शकतं, राज्यकर्त्यांच्या खासगी महत्त्वाकांक्षेची सेवा करू शकतं, हेही तो मान्य करतो. पण युद्धाच्या सिद्धांताने ते हिताचं प्रतिनिधी आहे असं धरून चालावं, एवढंच सांगून तो पुढे जातो. इथे त्याने विषय फार चटकन सोडलाय, असं माझं मत आहे. राजा आणि हित वेगळे झाले तर कोणी ठरवायचं? टाउरोग्गेनमध्ये योर्कने ठरवलं आणि निकाल चांगला लागला. पण प्रत्येक बंडखोर सेनापती स्वतःला योर्कच समजतो. अनेक देशांनी याची किंमत मोजली आहे.

आता याच फौजेची दुसरी रात्र बघू, एकशे दोन वर्षांनंतरची. १ ऑगस्ट १९१४, बर्लिन. जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलंय. जर्मन योजना अशी होती की युद्ध रशियाशी असलं तरी आधी बेल्जियममधून फ्रान्सवर तुटून पडायचं. संध्याकाळी लंडनहून राजदूत लिख्नोव्स्कीची तार आली, की फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन बाहेर राहील आणि फ्रान्सही शांत राहील, अशी शक्यता दिसते. कैसर खूश! म्हणाला, मग सगळी फौज पूर्वेला फिरवा. सेनाप्रमुख मोल्टके म्हणाला, अशक्य. लाखो माणसांची रेल्वेने हालचाल ठरलेली आहे, वर्षभराच्या कामातून वेळापत्रक तयार झालंय. ते मोडलं तर फौज उरणार नाही, नुसती हत्यारबंद गर्दी उरेल.

तारेत गैरसमज होता हे त्याच रात्री उघड झालं, आणि कैसरने मोल्टकेला हवं ते करायची मोकळीक दिली. पण मला तो मधला तास महत्त्वाचा वाटतो. मोल्टके खोटं बोलत नव्हता. सुरू झालेली हालचाल मध्येच उलटी फिरवणं भयंकर अवघड होतं, घर्षण म्हणतात ते हेच. पण फक्त पूर्वेकडे लढण्याची जी वेगळी योजना होती, तिची दरवर्षीची उजळणी जर्मन लष्कराने १९१३ मध्ये बंद केली होती. म्हणजे त्या रात्रीचा नाइलाज खरा होता, पण तो बनवलेला होता. कार्यालयात, टेबलावर, शांततेच्या काळात, एक-एक पर्याय फाइलबंद करून. ब्यूलोचा कोनमापक जाऊन रेल्वेचं वेळापत्रक आलं होतं, इतकाच फरक.

टाउरोग्गेनच्या खोलीत एकाने दुसऱ्याला सांगितलं, वेळापत्रकावर विसंबू नका, निर्णय तुमचा आहे. बर्लिनच्या खोलीत सांगितलं गेलं, निर्णय वेळापत्रकाने घेतलाय.

आणि गंमत बघा, हे सगळे अधिकारी क्लाउझेवित्सचं नाव आदराने घेत. कोणता क्लाउझेवित्स वाचत होते ते? पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ पासून, त्याची पत्नी मारी हिने छापलं. १८५३ ला दुसरी आवृत्ती निघाली, आणि तिच्यात एक बदल झाला. मूळ म्हणणं असं होतं, की सेनापतीला मंत्रिमंडळात घ्यावं, म्हणजे मंत्रिमंडळाला त्याच्या मोठ्या निर्णयांत सहभागी होता येईल. नव्या आवृत्तीत ते उलटलं: म्हणजे सेनापतीला मंत्रिमंडळाच्या निर्णयांत सहभागी होता येईल. दोन-चार शब्दांची हलवाहलव, आणि लगाम कोणाच्या हातात हेच बदललं. ते मूळ रूपात परत आलं वेर्नर हालवेगच्या १९५२ च्या आवृत्तीत. मधे दोन महायुद्धं होऊन गेली. युद्धं या एका बदलामुळे झाली असं अर्थातच नाही. पण कोणाला काय वाचायला आवडत होतं, ते यातून कळतं. लुडेनडॉर्फने तर १९३५ मध्ये ‘सर्वंकष युद्ध’ या पुस्तकात उघडच लिहिलं की क्लाउझेवित्स कालबाह्य झाला, आता राजकारणाने युद्धाची सेवा करायची. टोकाच्या युद्धाची ती कल्पना, जी पहिल्या प्रकरणात मोजपट्टी म्हणून होती, तिलाच त्याने धोरण बनवलं. द्वंद्वातला एक हात कापून टाकला की असं होतं.

डावीकडच्या मंडळींनीही क्लाउझेवित्स वाचला. लेनिन १९१४-१५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बर्नला असताना आधी हेगेलचं तर्कशास्त्र आणि मग क्लाउझेवित्स वाचून वह्या भरत होता. माओच्या १९३८ च्या दीर्घ युद्धावरच्या व्याख्यानांत पुढाकार म्हणजे सैन्याचं कृतीचं स्वातंत्र्य, असा विचार येतो. त्यावर वेगळा भाग करू.

हेगेलकडे एकदा परत येते, कारण ते अर्धवट राहिलं. हेगेलसाठी स्वातंत्र्य इतिहासातून उलगडत जातं. विरोध येतात, भिडतात, आणि शेवटी मोठ्या अर्थात सामावले जातात. त्या उंचीवरून युद्धही इतिहासाचं आवश्यक काम वाटू शकतं, आणि हेगेल तसं म्हणतोही. दीर्घ शांततेने राष्ट्रं सडतात, असा त्याचा सूर आहे. मला हे पटत नाही. आउअरश्टेटच्या शेतात पडलेल्यांना तो मोठा अर्थ कोणी विचारून दिला नव्हता. क्लाउझेवित्स आपल्या तीन अंगांचा असा मेळ घालत नाही. सिद्धांताने तीन लोहचुंबकांच्या मधे अधांतरी राहावं, असं चित्र तो देतो. सिद्धांत कुठेच चिकटत नाही, कधीच निवांत होत नाही. काहींना हे अपूर्ण वाटतं. माझ्या मते माणसाला जागा याच अपूर्णतेत मिळते.

म्हणून श्रोत्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. युद्ध सुरू झाल्यावर हातात उरतं ते दर टप्प्यावर कमी होत जातं, ओढ खरी आहे. पण कोणी “नाइलाज होता” म्हटलं की आपण तारीख विचारायची. कधीपासून? पर्याय कधी बंद झाला, कोणी केला, त्या दिवशी कोण खोलीत होतं? शेवटचं पाऊल कुठे पडणार हे डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय पहिलं टाकू नये, असं क्लाउझेवित्सने युद्धाच्या आखणीबद्दल म्हटलंय. तो हिशोब सैनिकाआधी राज्यकर्त्यांना मागायचा असतो, आणि त्यांना निवडून देणाऱ्यांनाही तो मागता येतो.

शेवटी एक माहिती. १८१८ मध्ये हेगेल बर्लिन विद्यापीठात आला आणि त्याच वर्षी क्लाउझेवित्स बर्लिनच्याच सैनिकी शाळेचा संचालक झाला. बारा वर्षं दोघं एका शहरात लिहीत होते. १८३१ मध्ये पूर्वेकडून कॉलऱ्याची साथ आली. १४ नोव्हेंबरला हेगेल बर्लिनमध्ये गेला, मृत्यूचं कारण कॉलरा असंच नोंदलं गेलं. दोन दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, क्लाउझेवित्स ब्रेस्लाउमध्ये कॉलऱ्यानेच गेला. त्याच साथीत, त्याच वर्षी, त्याचा जुना सहकारी डीबिचही गेला होता. क्लाउझेवित्सची हस्तलिखितं बंद पाकिटांत होती. एका टिपणात त्याने लिहून ठेवलं होतं, की फक्त पहिलं प्रकरण मी पूर्ण झालेलं समजतो. मारीने पाकिटं उघडली आणि कामाला लागली.

मारीवर पुढचा भाग आहे. प्रश्न, दुरुस्त्या, व्हॉइस नोट्स पाठवत राहा, एसटीतून पाठवल्या तरी चालतील. भेटू.